लघवीच्या घाईवरच्या गोळ्या: नीट कशा घ्यायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लघवी लागली की दम धरवत नाही, बाथरूमच्या कडीला हात लागेपर्यंत थेंब सुटतात, दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागतं आणि रात्री झोप मोडते. या त्रासाला डॉक्टर ‘ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर’ किंवा नुसतं ‘ओएबी’ म्हणतात. यावर गोळ्या आहेत आणि त्यांचा उपयोग होतो. पण गोळी लघवीच्या पिशवीपाशी जाऊन थांबत नाही, ती तोंड, आतडी, डोळे, मेंदू, बीपी सगळीकडे फिरून येते. खालचे बहुतेक प्रश्न त्या फेरीतून निघालेले आहेत.

गोळी सुरू करण्याआधी कोणत्या तपासण्या हव्यात?

कमीत कमी चार: लघवीची साधी तपासणी (जंतू दिसले तर कल्चर), रक्तातली साखर, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), आणि सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर पिशवीत किती लघवी शिल्लक राहते त्याचं माप. हे शेवटचं माप पुरुषांमध्ये तर चुकवूच नये.

याशिवाय एक तपासणी घरी, फुकटात होते आणि नेमकी तीच बहुतेक जण टाळतात. तीन दिवसांची लघवीची वही. मापाच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग घ्या आणि प्रत्येक वेळी वेळ, मिली आणि घाई होती का एवढं लिहा. पान असं दिसतं: ‘६.१० – ३२० मिली. ७.०० – चहा १५० मिली. ७.५० – ९० मिली, घाई. ८.४० – ७० मिली, घाई, थेंब सुटले.’ थोडी थोडी लघवी पुन्हा पुन्हा, आणि तीही घाईने, असं चित्र असेल तर ओएबीची शक्यता मोठी. उलट दर वेळी ३००-४०० मिली होत असेल आणि २४ तासांची बेरीज वजनाच्या दर किलोला ४० मिलीच्या वर जात असेल (६० किलोच्या माणसाला २४०० मिली), तर पिशवी ठीक आहे, शरीरच जास्त लघवी तयार करतंय. मग वाढलेली साखर, जास्त पाणी किंवा दुसरं एखादं औषध शोधावं लागतं. तिथे या गोळ्या देऊन नुसतं तोंड कोरडं पडतं.

खोकताना, शिंकताना, बादली उचलताना लघवी सुटते तो त्रास वेगळा. त्यावर या गोळ्या चालत नाहीत. लघवीतून रक्त जात असेल तर आधी त्याचा छडा लावायचा. पिशवीतला खडा किंवा गाठ हुबेहूब अशीच घाई करते, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर हे अजिबात अंगावर काढू नये.

गोळी आत जाऊन नेमकं काय करते?

लघवीची पिशवी म्हणजे स्नायूंची थैली. प्रौढ माणसात तिच्यात साधारण ३०० ते ५०० मिली लघवी मावते. ओएबीमध्ये ती निम्मीही भरलेली नसताना स्नायू आपोआप आवळायला लागतो. हा आवळण्याचा निरोप ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन पोचवतं. गोळ्यांचा पहिला गट हा निरोप अडवतो. दुसरा गट स्नायूला सैल सोडणारं वेगळं बटण दाबतो, त्याला बीटा-३ म्हणतात.

पहिल्या गटाची अडचण ही की ॲसिटिलकोलिन लाळ, आतडी, घाम, डोळ्याची बाहुली आणि स्मरणशक्ती यांनाही लागतं. धोतऱ्याच्या बिया पोटात गेल्यावर काय होतं ते गावाकडच्या लोकांना ठाऊक असतं: तोंडाला कोरड, बाहुल्या विस्फारलेल्या, अंग तापलेलं, लघवी तुंबलेली आणि माणूस बरळत असलेला. धोतऱ्यातली द्रव्यं हेच रसायन अडवतात. गोळीचा परिणाम त्याच्या मानाने अगदी सौम्य असतो, पण दिशा तीच. म्हणून धोतऱ्याची यादी लक्षात ठेवली तर या गोळ्यांचे दुष्परिणाम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

चिठ्ठीवर कोणती नावं दिसतात आणि डोस किती असतो?

ब्रँडचं नाव बाजूला ठेवा आणि पट्टीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव वाचा. प्रौढांसाठी नेहमीचे डोस असे:

सोलिफेनासिन ५ मिग्रॅ दिवसातून एकदा, गरज पडली तर १०. टॉल्टेरोडिन २ मिग्रॅ दोनदा, किंवा सावकाश विरघळणारी ४ मिग्रॅ एकदा. डॅरिफेनासिन ७.५ मिग्रॅ, पुढे १५. फेसोटेरोडिन ४, पुढे ८. ट्रॉस्पियम २० मिग्रॅ दोनदा किंवा सावकाश विरघळणारी ६० मिग्रॅ एकदा. ऑक्सिब्युटिनिन २.५ किंवा ५ मिग्रॅ, दिवसातून दोन-तीनदा. हे जुनं आणि स्वस्त औषध आहे, आणि तोंड सर्वांत जास्त तेच सुकवतं. फ्लॅव्हॉक्झेट २०० मिग्रॅ तीनदा अजून लिहिलं जातं, पण ओएबीवर त्याचा पुरावा तोकडा आहे.

दुसऱ्या गटातलं रोजच्या वापरातलं नाव मिराबेग्रॉन, २५ किंवा ५० मिग्रॅ दिवसातून एकदा. विबेग्रॉन हे त्याच घरातलं नवं औषध.

किडनी किंवा लिव्हर अधू असेल तर हे आकडे खाली येतात. किडनीचं काम बरंच घटलेलं असेल, म्हणजे रिपोर्टवरचा ईजीएफआर ३० च्या खाली असेल, तर सोलिफेनासिन ५ आणि मिराबेग्रॉन २५ च्या वर नेत नाहीत. क्रिएटिनिनचा जुना रिपोर्ट घेऊन जा म्हणतात ते यासाठी.

जेवणाआधी घ्यायची की नंतर?

ट्रॉस्पियम रिकाम्या पोटी, जेवणाच्या किमान एक तास आधी. अन्नासोबत घेतली तर ती रक्तात फारच कमी शोषली जाते आणि मग ‘गोळी लागू पडत नाही’ अशी तक्रार येते. सोलिफेनासिन, डॅरिफेनासिन आणि मिराबेग्रॉन जेवणाच्या आधी-नंतर कशाही चालतात. दिवसातून एकदाची गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्या, सकाळच्या दात घासण्याला बांधून टाकली की विसरत नाही. सोबत ग्लासभर पाणी हवं. लघवीच्या धास्तीने घोटभर पाण्यावर गोळी ढकलणारे पुष्कळ असतात, मग ती अन्ननलिकेत अडकून छातीत जळजळते.

गोळी मोठी आहे, अर्धी करून किंवा चुरून घेतली तर?

नावापुढे ईआर, एसआर, एक्सएल किंवा पीआर अशी अक्षरं असतील तर नाही. ती गोळी २४ तासांचं औषध थोडं थोडं सोडण्यासाठी बनवलेली असते. तोडली किंवा चावली की दिवसभराचा डोस तासाभरात अंगावर येतो: आधी तोंडाला कोरड आणि धडधड, आणि रात्री पुन्हा घाई. मिराबेग्रॉन तोडायची नाहीच. सोलिफेनासिनही अख्खीच गिळा, चावली तर कडू लागते. विबेग्रॉन चुरता येते. साधी ऑक्सिब्युटिनिनची गोळी अर्धी होऊ शकते, तीही डॉक्टरांनी अर्धी लिहिली असेल तर.

काही सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांचं रिकामं कवच संडासातून जसंच्या तसं बाहेर पडतं. ते पाहून गोळी विरघळलीच नाही असं समजू नका, औषध आत उतरलेलं असतं.

फरक कधी पडतो?

पहिल्या आठवड्यात थोडा, नीटसा चार आठवड्यांत. मिराबेग्रॉनच्या कमी डोसला आठ आठवडेही लागतात. दहा दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून गोळी सोडणं ही या उपचारातली सगळ्यांत नेहमीची चूक. दुष्परिणामांचं मात्र उलटं, ते पहिल्या दोन-चार दिवसांतच हजर होतात. म्हणजे सुरुवातीला तोटा दिसतो आणि फायदा मागाहून येतो. चौथ्या आठवड्यात तीच तीन दिवसांची वही पुन्हा भरा. बारा वेळांवरून आठवर आलात, किंवा थेंब सुटणं निम्म्यावर आलं, तर गोळी चालली. अगदी पूर्वीसारखं होण्याची वाट पाहत डोस वाढवत बसू नये.

डोस चुकला तर?

दिवसातून एकदाची गोळी असेल आणि बारा तासांच्या आत आठवलं तर घेऊन टाका. त्यापेक्षा उशीर झाला तर सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी घ्या. दोन गोळ्या एकदम कधीच नाहीत. लग्नाला किंवा एसटीच्या लांबच्या प्रवासाला निघताना ‘आज एक जास्त’ हाही दुहेरी डोसच आहे.

तोंड इतकं कोरडं पडतं की भाकरीचा घास उतरत नाही. काय करू?

लोक इथे सारखं पाणी पितात, त्याने लघवी वाढते, मग गोळी वाढवली जाते आणि तोंड आणखी सुकतं. हा फेरा तोडायचा. घोटभर पाणी तोंडात घोळवा आणि थुंका किंवा गिळा, ग्लास रिकामा करू नका. बिनसाखरेचं च्युइंगम किंवा चिमूटभर बडीशेप चघळा. साखरेच्या गोळ्या नकोत. लाळ कमी असताना दात फार झपाट्याने किडतात, आणि कवळी असेल तर ती टोचते, हिरड्यांवर बुरशी बसते. सुपारी आणि तंबाखू तर नकोच.

एवढं करूनही जेवण जात नसेल तर सोसत राहू नका. डोस कमी करणं, साध्या गोळीऐवजी सावकाश विरघळणारी घेणं किंवा मिराबेग्रॉनवर जाणं हे तीन रस्ते डॉक्टरांकडे असतात.

पोट साफ होत नाही. याचा गोळीशी संबंध आहे का?

आहे, आणि तो दुहेरी आहे. पहिल्या गटाच्या गोळ्या आतड्यांनाही संथ करतात. आणि साचलेला मळ मागून पिशवीवर दाबतो, त्यामुळे घाई वाढते. म्हणजे बद्धकोष्ठावर इलाज केला नाही तर गोळी स्वतःचंच काम बिघडवते. पालेभाजी, पेरू, ज्वारी-बाजरीची भाकरी आणि रात्री कोमट पाण्यातून इसबगोल. इसबगोलासोबत पुरेसं पाणी गेलंच पाहिजे, नाहीतर तो घट्ट गोळा होऊन अडकतो. इसबगोल आणि इतर गोळ्या यांत एक-दोन तासांचं अंतर ठेवा. तीन-चार दिवस संडास नाही, पोट फुगलंय आणि ओकाऱ्या येताहेत, असं झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

काचबिंदू आहे. या गोळ्या चालतात का?

काचबिंदूचा प्रकार पाहावा लागतो. डोळ्यातला कोन अरुंद असलेला प्रकार असेल आणि त्यावर उपचार झालेला नसेल, तर पहिल्या गटाच्या गोळ्या देत नाहीत. बाहुली विस्फारली की पाण्याचा निचरा बंद होऊन डोळ्याचा दाब एकाएकी चढतो. रुंद कोनाचा काचबिंदू थेंबांनी आटोक्यात असेल तर बहुधा देता येतात. कोणता प्रकार आहे ते रुग्णाला क्वचितच ठाऊक असतं, म्हणून नेत्रतज्ज्ञांची फाइल सोबत न्या. सुरुवातीच्या आठवड्यात जवळचं धूसर दिसू शकतं. त्या दिवसांत रात्रीची गाडी चालवू नका.

माझं वय ६५, प्रोस्टेट वाढलेलं आहे. घाईची गोळी घेतली तर लघवी बंद होईल का?

भीती अगदीच अनाठायी नाही. प्रोस्टेटने रस्ता अरुंद केलेला असताना पिशवीचा जोर कमी केला तर लघवी तुंबू शकते. म्हणून आधी शिल्लक लघवीचं माप घेतात. १५० ते २०० मिलीच्या वर शिल्लक राहत असेल तर बहुतेक युरॉलॉजिस्ट पहिल्या गटाची गोळी टाळतात किंवा फार जपून देतात. पुष्कळदा आधी टॅम्सुलोसिन ०.४ मिग्रॅ देऊन रस्ता मोकळा करतात आणि घाई उरली तर दुसरी गोळी जोडतात. दोन्ही औषधं एकाच कॅप्सूलमध्येही मिळतात. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरने टॅम्सुलोसिन वेगळी लिहिली तर ती दुप्पट होते. पट्टीमागची नावं जुळवून पाहा.

लघवीची धार बारीक होणं, कुंथावं लागणं, झाली तरी पुन्हा लागल्यासारखं वाटणं ही आधीची खूण. सहा-आठ तास लघवी झालेली नाही आणि ओटीपोट दुखून टणक झालंय, तर रात्र असो वा दिवस, सरळ दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत जायचं. नळी घातली की सुटका होते. ‘पाणी प्या म्हणजे होईल’ हा सल्ला या वेळी घातक ठरतो.

जाता जाता: मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर टॅम्सुलोसिन चालू आहे किंवा पूर्वी घेतली होती, हे नेत्रतज्ज्ञांना आधीच सांगा. त्या गोळीने बाहुलीभोवतीचा पडदा (आयरिस) ढिला पडतो आणि सर्जनला त्याची तयारी ठेवावी लागते.

मिराबेग्रॉनने तोंड सुकत नाही असं ऐकलं. मग सगळ्यांनी तीच का घेऊ नये?

तोंड आणि पोट यांच्या दृष्टीने ती नक्कीच सौम्य आहे. पण ती बीपी वाढवू शकते. बीपी १८०/११० च्या घरात असेल तर ती द्यायचीच नाही. बीपीची गोळी चालू असलेल्यांनी सुरू करण्याआधी एक माप घ्यावं, मग पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, तेही पाच मिनिटं शांत बसून, चहा-तंबाखूशिवाय. धडधड आणि डोकेदुखी या तिच्या दुसऱ्या तक्रारी.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. मेटोप्रोलॉल लिव्हरमध्ये ज्या वाटेने मोडतं ती वाट मिराबेग्रॉन काहीशी अडवते. मग तोच मेटोप्रोलॉलचा डोस जड होतो, नाडी मंदावते आणि उठताना गरगरतं. डिगॉक्सिन घेणाऱ्यांनाही रक्तातली पातळी पाहून डोस ठरवावा लागतो. हृदयाच्या डॉक्टरांना न सांगता ही गोळी सुरू करू नका.

दुसऱ्या कोणत्या औषधांशी भांडण होतं?

पहिल्या गटातल्या गोळ्यांसाठी हा खरा कळीचा प्रश्न. एक गोळी सहसा कुणाला पाडत नाही. एकाच स्वभावाच्या तीन गोळ्या, तीन वेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या, मिळून पाडतात. ॲसिटिलकोलिन अडवणारी ही औषधं आपल्याकडे रोज वापरली जातात: सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन, पोटात कळ आल्यावर मेडिकलमधून आणलेल्या गोळीतलं डायसायक्लोमिन, खाजेवरचं हायड्रॉक्सिझिन, झोप किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं ॲमिट्रिप्टिलिन, मानसिक आजाराच्या औषधांबरोबरचं ट्रायहेक्सिफेनिडिल. सर्दीच्या गोळीत बहुधा फिनाइलेफ्रिनही असतं, ते पिशवीचं तोंड आवळतं. पहिल्या पावसात सर्दीची गोळी घेतली आणि रात्री लघवी तुंबली, असं प्रोस्टेटवाल्या रुग्णांत ठरल्यासारखं घडतं.

दुसरी जोडी बुरशीची. नायटा-गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल आपल्याकडे आठवडेच्या आठवडे दिलं जातं. ते सोलिफेनासिन, टॉल्टेरोडिन, डॅरिफेनासिन यांची मोडतोड रोखतं आणि रक्तातली पातळी चढवतं. अशा वेळी सोलिफेनासिन ५ च्या वर न्यायची नाही, टॉल्टेरोडिन निम्मी करायची. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तसंच. त्वचेच्या डॉक्टरला लघवीची गोळी सांगायचं कुणाला सुचत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

तिसरी गोष्ट वयस्कर बायकांची. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेट आणि पोटॅशियमची घट्ट गोळी या दोन्ही अन्ननलिकेला किंवा जठराला जखम करू शकतात. पहिल्या गटाच्या गोळीने पोट संथ झालेलं असेल तर त्या जास्त वेळ एका जागी पडून राहतात. पोटॅशियम लागणारच असेल तर पातळ औषध मागून घ्या.

उपाय साधा आहे. घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं, काढे, डोळ्याचे थेंबसुद्धा एका पिशवीत घाला आणि पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ओता. तोंडी यादीत सर्दीची गोळी कधीच येत नाही.

आईचं वय ७८ आहे. गोळी सुरू केल्यापासून ती गोंधळल्यासारखी वागते. वयच असेल का?

वयावर ढकलू नका. गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर काही दिवसांत सुरू झालेला गोंधळ, रात्री उठून भलतंच बोलणं, तोल जाणं हे गोळीचं लक्षण समजून आधी डॉक्टरांना फोन करा. ऑक्सिब्युटिनिन मेंदूत सहज शिरते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेचं मार्गदर्शन आहे की प्रकृती एकदम ढासळण्याचा धोका असलेल्या वयस्कर स्त्रियांना साधी ऑक्सिब्युटिनिन देऊ नये. ट्रॉस्पियम मेंदूत कमी शिरते, मिराबेग्रॉनचा रस्ताच वेगळा.

ही औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश जास्त आढळतो असं अभ्यासांत दिसलं आहे. गोळीमुळेच तो होतो हे सिद्ध झालेलं नाही. पण ज्यांना आधीच विसरभोळेपणा आहे त्यांना पहिल्या गटाची गोळी न देणं शहाणपणाचं, असं आमचं मत. विसरभोळेपणावर डोनेपेझिल चालू असेल तर गंमत आणखी वाढते: ती ॲसिटिलकोलिन वाढवते, लघवीची घाईही लावते, आणि त्या घाईवर दिलेली गोळी तेच रसायन अडवते. एक पाय ॲक्सिलरेटरवर, दुसरा ब्रेकवर.

उन्हाळ्यात काही वेगळी काळजी?

हो, विदर्भ-मराठवाड्यात तर नक्कीच. पहिल्या गटाच्या गोळ्यांनी घाम कमी येतो आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. पारा ४४-४५ वर असताना दुपारी शेतात किंवा पत्र्याच्या खोलीत काम असेल तर उष्माघाताचा धोका वाढतो. अंग गरम आणि कोरडं, डोकं दुखतंय, बोलणं असंबद्ध, असं दिसलं तर सावलीत न्या, ओल्या फडक्याने अंग पुसा, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. एप्रिल-मे पुरता डोस बदलता येतो का, हे मार्चमध्येच विचारून ठेवा.

उपवास किंवा रोजा असेल तर?

एकदाची गोळी रोज्यात सहरी किंवा इफ्तारला बसते. ट्रॉस्पियम इफ्तारच्या आधी घ्यायची तर जेवण तासभर पुढे ढकलावं लागेल, त्यापेक्षा रोज्याआधी औषध बदलून घ्या. एकादशी-नवरात्रात गोळीपेक्षा चहा गडबड करतो. पोटात अन्न नाही आणि चार कप चहा, की कॅफिनने पिशवी खवळते. साबुदाण्यावर काढलेले नऊ दिवस बद्धकोष्ठाला निमंत्रण असतात.

शुगर आणि बीपीच्या गोळ्यांनीच लघवी वाढते का?

काहींनी वाढते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन साखर लघवीतून बाहेर काढतात आणि साखरेबरोबर पाणी जातं. फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड या तर लघवी वाढवण्यासाठीच असतात. त्या स्वतःहून बंद करू नका, हृदय आणि किडनीसाठी त्या मोलाच्या आहेत. ‘पाण्याची गोळी’ रात्री घेत असाल तर सकाळी घेता येईल का एवढं विचारा. ज्यांच्या पायाला संध्याकाळी सूज येते, त्यांनी दुपारी तासभर पाय उंच करून पडावं. ती सूज रात्री आडवं झाल्यावर लघवी होऊन उतरते, ती दुपारीच उतरलेली बरी.

रात्रीच्या लघवीसाठी डेस्मोप्रेसिन दिली आहे. ही त्यातलीच का?

नाही. ती किडनीला रात्री लघवी कमी करायला सांगते. तिचा धोका रक्तातलं सोडियम उतरण्याचा, आणि वयस्करांत तो मोठा. सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात आणि महिन्याने सोडियम तपासतात. गोळीच्या एक तास आधीपासून गोळीनंतर आठ तासांपर्यंत पाणी अगदी थोडं. मळमळ, डोकेदुखी, गुंगी आली तर गोळी बंद करून त्याच दिवशी सोडियम तपासा.

पाणीच कमी प्यायलं तर?

दिवसाला दीड ते दोन लिटर ठेवा, उन्हात काम असेल तर जास्त. फार तोडलं तर लघवी गडद होते आणि तीच पिशवीला टोचते. झोपण्याआधी दोन-तीन तास मात्र हात आखडा. चहा-कॉफी दोन कपांवर आणा. त्याच्या जोडीला पिशवीला वळण लावा: घाई आली की धावू नका, जागीच उभं राहून ओटीखालचा स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळा-सोडा, लाट ओसरली की चालत जा. दोन लघव्यांमधलं अंतर दर आठवड्याला १५ मिनिटांनी वाढवा. गोळी आणि सवय एकत्र चालवली की गोळी एकटीपेक्षा चांगलं काम करते. पाळी गेलेल्या बायकांना योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलमही घाईवर उपयोगी पडतं, त्याबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा.

गरोदरपणात, बाळाला पाजताना?

डॉक्टरांना सांगितल्याशिवाय यातली एकही गोळी नको. लहान मुलांना मोठ्यांची गोळी अर्धी करून कधीच देऊ नका.

जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणत राहिलं तर चालेल?

ही शेड्यूल एचमधली औषधं आहेत, चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कायदा बाजूला ठेवला तरी कारण आहे: वर्षभरात प्रोस्टेट वाढलेलं असतं, किडनी उतरलेली असते, नवी औषधं जोडली गेलेली असतात. वर्षातून एकदा आणि ७५ च्या पुढे दर सहा महिन्यांनी फेरतपासणी हवी. मेडिकलवाल्याने दुसरा ब्रँड दिला तर चालतो, फक्त मूळ नाव, मिग्रॅ आणि ईआर-एसआर ही अक्षरं तिन्ही जुळली पाहिजेत. टॉल्टेरोडिन २ च्या जागी टॉल्टेरोडिन ४ ईआर म्हणजे नुसता ब्रँड बदलणं नव्हे. गोळ्या पट्टीतच ठेवा. बाथरूमच्या कपाटात आणि गॅसशेजारच्या फळीवर ओल-उष्णता लागते.

बरं वाटतंय, बंद करू का?

या गोळ्यांची सवय लागत नाही आणि बंद केल्याने अंगाला झटका बसत नाही. पण घाई काही दिवसांत परतू शकते. सहा महिने-वर्ष चांगलं गेलं असेल तर डॉक्टरांना विचारून महिनाभर थांबवून पाहा, वही भरत राहा. परतली तर पुन्हा सुरू करता येते.

कधी थांबायचं नाही, लगेच जायचं?

ओठ, जीभ किंवा घसा सुजणं आणि श्वास अडकणं. लघवी पूर्ण तुंबणं. डोळा एकाएकी लाल होऊन दुखणं, दिव्याभोवती वलयं दिसणं. ताप-थंडीसह कमरेत कळ. लघवीत रक्त. छातीत जोराची धडधड किंवा भोवळ. पायातली शक्ती जाणं किंवा बसायच्या जागेला बधिरपणा: हे गोळीमुळे नसून मणक्यातल्या नसा दबल्याची खूण असू शकते आणि तिथे तास मोजले जातात. जाताना पट्टी सोबत न्या.

दोन-तीन गोळ्या बदलून झाल्या, तरी फरक नाही.

आधी निदान पुन्हा तपासा, मग युरॉलॉजिस्ट. कमी डोसची सोलिफेनासिन आणि मिराबेग्रॉन एकत्र देता येतात. दुर्बिणीतून पिशवीच्या स्नायूत १०० युनिट बोट्युलिनम टॉक्सिन टोचतात. त्याचा परिणाम साधारण सहा ते नऊ महिने टिकतो, पण काहींना काही काळ स्वतः नळी घालून लघवी काढावी लागते. ती तयारी नसेल तर आधीच सांगा. घोट्याजवळच्या नसेला बारीक सुईतून सौम्य विजेचे झटके देण्याचा उपचारही आहे: आठवड्यातून एकदा ३० मिनिटं, असे १२ आठवडे. औषध कुठलंच सोसत नसलेल्यांना तो विचारून पाहण्यासारखा आहे, फक्त पेसमेकर असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा.